मर्यादेच्या अलीकडे

व्हरायटी चौकात बस बदलण्यासाठी उतरलेले बाबाराव पराते ऊन चुकवावे म्हणून कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या छताखाली क्षणभर थांबले, तेवढ्यात त्या दुकानाचे काचेचे दार आतून कोणी तरी उघडले. ओल्या खसाचा वास घेऊन कूलरची गार हवा त्यांच्या अंगावर आली. खरेदी आटोपून एक कुटुंब बाहेर पडत होते आणि दरवान दार धरून उभा होता. बाबारावांना प्रथम दिसला तो त्याचा हात. पितळी मुठीवर टेकलेल्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेरापाशी, पिवळट, शिंगासारखा कठीण घट्टा होता. हातमागावर बसून धोट्याला इकडून तिकडे फेकणारी दोरी वर्षानुवर्षे ओढली की तसा घट्टा पडतो आणि मग काम सुटले तरी तो सुटत नाही. त्यांच्या वडिलांच्या बोटावर तो होता. त्यांना चितेवर ठेवतानाही तो तसाच होता. खाकी कपडे, लाल पट्टीची टोपी आणि टोपीखालचा चेहरा हे सगळे बाबारावांनी मागाहून पाहिले. चेहरा पाहण्याआधीच, आपण तो पाहू नये, सरळ रस्ता ओलांडून निघून जावे, असे त्यांना वाटून गेले होते; पण तोवर उशीर झाला होता.

"दादा," शालिकराम म्हणाला, "आत या ना जी. बाहेर काहून भाजून राहिले?"

शालिकराम त्यांचा मावसभाऊ, वयाने बराच लहान. तांडापेठेत विणकरांच्या गल्लीत बायको जनाबाईसह राहणारा, आणि गेल्या पिढीतल्यासारखे बारीक सुताचे, रेशीमकाठी लुगडे अजून विणू शकणाऱ्या थोड्या माणसांपैकी एक. निदान जानेवारी महिन्यापर्यंत तरी होता. बाबाराव आत गेले नाहीत. उंबरठ्याशी, अर्धे अंग उन्हात आणि अर्धे त्या उसन्या गारव्यात, असे ते उभे राहिले.

"तू इथं कधीपासून, गा?"

"होळीपासून. उभं राहाचं काम आहे. बसून बसून कंबर गेलती, आता सरळ झाली." तो हसला. "वर्दी पन दुकानाचीच. धुवाचे पैसे मात्र आपले."

"आन् माग?"

"काढला. खाली पाय सोडाचा खड्डा बुजवून टाकला. जनाबाई म्हणे, उघडा ठेवला तं पोरं पडतीन. आता त्याच जागेवर खाट टाकली. झोप मोठी गार लागते, दादा. जन्मभर पाय ठेवले तिथं, आता डोकं ठेवतो."

बाबारावांच्या काखेत रेक्झिनची पिशवी होती. पिशवीत विक्रीकराच्या नोंदणीचा अर्ज होता, सुवाच्य अक्षरात भरलेला, सगळ्या रकान्यांत योग्य ती उत्तरे लिहिलेला. फक्त दोन रकाने त्यांनी कार्यालयात विचारून भरू म्हणून मोकळे ठेवले होते. ती पिशवी त्यांनी नकळत दुसऱ्या काखेत घेतली.

"तू एप्रिलात येणार होता ना," ते म्हणाले. "मागाची फणी न्यायला."

"फणी दिसली होती मले," शालिकराम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि हे बाबारावांच्या लगेच लक्षात आले. "त्याच दिवशी. खिडकीच्या बाजूले भिंतीवर टांगली होती. नंबर पन वाचला. माझ्याच नंबरची."

"मग बोलला काहून नाही?"

"तुमी म्हनलं झाली नाही, म्हंजे झाली नाही. मोठ्या भावाले का भिंत दाखवावी माणसानं?"

आतून गल्ल्यावरच्या माणसाने खाकरून पाहिले. शालिकरामने दार जरासे ओढून घेतले, पुन्हा उघडले, आणि जणू पाहुण्याची समजूत घालावी तशा स्वरात म्हणाला, "तुमच्या एका फणीनं काय होणार होतं, दादा. शेठनं सूत वापस मागितलंच होतं. यंत्रमागवाला त्याले अर्ध्या भावात देऊन राहिला."

"सूत परत मागितलं ते कधी?" बाबारावांनी विचारले. आपला प्रश्न गरजेपेक्षा मोठ्याने विचारला गेला हे त्यांना ऐकू आले. "माझ्याकडे आलता त्याच्या आधी, का मागून?"

शालिकराम आठवू लागला. त्याच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. तेवढ्यात एक बाई दोन मुलींना घेऊन पायऱ्या चढली, त्याने दार पूर्ण उघडले, लवून "या" म्हटले, मुलींपैकी धाकटीने त्याच्या टोपीकडे पाहिले म्हणून तिच्याकडे डोळे मिचकावले, आणि दार लावून पुन्हा बाबारावांकडे वळला तेव्हा तो प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरून पुसला गेला होता.

"आधी का मागून?" बाबारावांनी पुन्हा विचारले.

"आता ते काय याद राहते जी," शालिकराम म्हणाला. "वैनीले नमस्कार सांगजा."

सिव्हिल लाइन्सकडे जाणारी बस त्यांनी सोडली आणि ते पायीच निघाले. डांबर पाघळू लागले होते; चपलेचा तळ रस्त्याला क्षणभर चिकटून सुटे आणि त्या सुटण्याचा बारीक आवाज प्रत्येक पावलाला होई. आधी, का मागून. तंत्रशाळेत त्यांनी आयुष्यभर पोरांना हेच शिकवले होते की यंत्र बिघडले तर काय मोडले हे पाहू नका, कोणते आधी मोडले ते पाहा. दात तुटलेले चक्र आणि वाकलेला दांडा एकाच वेळी समोर येतात. दात तुटला म्हणून दांडा वाकला, की दांडा वाकला म्हणून दात तुटला, हा क्रम लागला की दुरुस्ती अर्धी झालीच. क्रम लागला नाही तर नुसते सुटे भाग बदलत बसावे लागते. आणि इथे तर क्रम सांगू शकणारा एकच माणूस होता, त्याला तो आठवत नव्हता, आणि आठवण्याची गरजही वाटत नव्हती.

निवृत्त झाल्यावर नंदनवनातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी फण्या तयार करण्याचे काम सुरू केले, त्याला आता दोन वर्षे होत आली होती. मागावरचे ताण्याचे धागे ज्या पात्यांच्या फटींमधून जातात आणि विणलेला प्रत्येक धागा जी ठोकून घट्ट बसवते, ती फणी; पात्या किती दाट, त्यावरून तिचा नंबर ठरतो. जुन्या फण्या बोरूच्या असत. त्या झिजत, फुगत, बारीक सुताला कापून काढत. बाबारावांनी चपट्या पोलादी तारेच्या पात्या दोन अर्धगोल काड्यांमध्ये ओळीने बसवून डांबर चोपडलेल्या दोऱ्याने बांधत जाणारे पायाचे यंत्र स्वतः आखले, स्वतः घडवले. त्या यंत्राचा पहिला आराखडा त्यांनी विद्यार्थी असताना, तांत्रिक महाविद्यालयाच्या वसतिगृहात काढला होता. वडील तेव्हा हयात होते. नंतर नोकरी, लग्न, मुलींची शिक्षणे, पुन्हा नोकरी, यांत तो आराखडा पिवळा पडत गेला. पण त्यातली एकही रेघ चुकीची नव्हती हे अखेर यंत्र चालू झाले त्या दिवशी सिद्ध झाले, आणि त्या दिवसाचे समाधान इतके निर्भेळ होते की आता ते एखाद्या दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात घडले असावे असे त्यांना वाटे.

धंदा सुरू करण्यापूर्वी ते रीतीप्रमाणे इतवारीत ओमप्रकाशबाबूंकडे गेले होते. ओमप्रकाशबाबू विक्रीकराची कामे पाहत; जन्म नागपुरातला, बोलणे अर्धे हिंदी, टेबलावर कायम सुपारीचा अडकित्ता. वर्षाची विक्री कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. खाली असेल तर करावी अथवा करू नये, ज्याची त्याची मर्जी. हे त्यांनी समजावून सांगितले आणि मग मर्जी कोणती असावी हेही सांगितले. "मास्तरसाब, पहिल्याच दिवशी घेऊन टाका नंबर. लोक नंबर दोनच टायमाला घेतात. एक तर दुकानाची पाटी लागायच्या आधी, नाही तर इन्स्पेक्टर पाटीखाली उभा राहिल्यावर. मधला टाइम कोणताच नसतो. तुम्ही तो मधलाच शोधून राहिले."

बाबारावांना तो मधलाच हवा होता. नोंदणी झाली की प्रत्येक फणीवर कर लावावा लागणार. विणकर तो देणार नाहीत, तो आपल्याला सोसावा लागणार. विवरणपत्रे, तपासणी, दप्तर हे सगळे मागे लागणार. आणि धंदा चाललाच नाही तर आपले अपयश सरकारी दफ्तरात क्रमांकासह राहणार. ही कारणे खरी होती. परंतु त्यांच्यामागे एक कारण असे होते जे त्यांनी ओमप्रकाशबाबूंना सांगितले नाही. नव्या इंजिनावर पहिल्या दिवसापासून पूर्ण भार घालू नये, ते काही काळ अर्ध्या भाराने फिरू द्यावे, त्याचे भाग एकमेकांशी घासून एकमेकांच्या मापाचे होऊ द्यावेत, हे त्यांच्या रक्तात भिनले होते. धंदा हेही एक नवे इंजिनच आहे, त्याला आधी अंगवळणी पडू दे. मग एका स्वच्छ एप्रिल महिन्यात, नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर, रीतसर नोंदणी करू, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या पत्नी पुष्पलताबाईंनी ऐकून घेतले आणि भाजी चिरता चिरता म्हटले, "लग्नाच्या आधी लोकं मुहूर्त पाहतात. तुमचं लगन लागून गेलं, पोरगी सासरी नांदून राहिली, आन् तुमी अजून पंचांगच चाळून राहिले."

पहिले वर्ष अर्ध्या भाराने गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर लोक येऊ लागले. तांडापेठेतून, पाचपावलीतून, उमरेडहूनसुद्धा. पराते मास्तरांची फणी धागा कापत नाही, असे एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. बाबारावांनी भिंतीवर आलेख-कागद लावला होता. त्यावर दर महिन्याची विक्री एका टिंबाने दाखवत आणि टिंबे पेन्सिलीने जोडत. कागदाच्या वरच्या भागात त्यांनी मर्यादेची एक आडवी लाल रेघ आधीच ओढून ठेवली होती. डिसेंबरात पेन्सिलीची रेघ एकदम उभी झाली. ती लाल रेघेकडे निघाली आहे हे पाहून त्यांना जो आनंद झाला तो एक रात्रभरही टिकला नाही. वर्ष संपायला तीन महिने राहिले होते. याच वेगाने लोक येत राहिले तर वर्षाच्या मध्येच, फेब्रुवारीच्या कुठल्या तरी ओबडधोबड तारखेला, मर्यादा ओलांडली जाणार. म्हणजे नोंदणी तेव्हाच, घाईने, मागचे-पुढचे हिशेब अर्धे इकडे अर्धे तिकडे असे. जन्मात पहिल्यांदाच लोक आपण होऊन त्यांच्या दाराशी येत होते, आणि दाराची कडी वाजली की, हा माणूस परत जावा, असे त्यांना वाटू लागले.

वाफेच्या इंजिनावर एक साधन असते. दांड्याबरोबर फिरणारे दोन लोखंडी गोळे. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप आपोआप मिटते; वेग कमी झाला की खाली येतात आणि झडप उघडते. विद्यार्थीदशेत त्यांना माणसाने केलेल्या सगळ्या वस्तूंत ही वस्तू सर्वांत सुंदर वाटली होती, कारण तिला कोणी मालक लागत नाही. ती स्वतःच स्वतःला आवरते. जानेवारीपासून ते स्वतः तसे झाले. येणाऱ्याला ते बसवत, पाणी देत, फणीचा नंबर लिहून घेत आणि सांगत, "एप्रिलात या." यंत्र मात्र त्यांनी थांबवले नाही. फण्या तयार होत गेल्या, भिंतीवर खुंट्यांना लागत गेल्या, प्रत्येकीला ज्याची त्याची चिठ्ठी बांधलेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी होईल, सगळे येतील, एकेक फणी खाली उतरेल, पावतीवर नोंदणीचा नंबर पडेल. त्या भिंतीकडे पाहून त्यांना वाटे की इतके नीट, इतके आधीपासून, आपण आयुष्यात काहीच केले नव्हते.

शालिकराम आला तो जानेवारीच्या अखेरीला. लग्नसराईच्या लुगड्यांचे काम शेठने दिले होते, सूत घरात येऊन पडले होते, ताणा तयार होता, आणि जुनी फणी मधोमध झिजली होती. बाबारावांनी त्यालाही तेच सांगितले. इतरांना ते नुसते 'एप्रिलात या' म्हणत; भावाला तेवढे पुरणार नाही म्हणून त्याच्याशी मात्र एक वाक्य अधिक बोलले. "झाली नाही अजून." फणी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. त्याच्या आधीच्या रविवारीच बांधून झाली होती.

उन्हात चालता चालता बाबारावांना त्यांच्या वडिलांच्या घरातली रीत आठवली. फणी ही विणकराच्या घरातून विणकराच्या घरात उसनी जाणारी वस्तू. ती मागायला आलेल्या माणसाला कोणी 'नाही' म्हणत नसे. द्यायची नसेल, किंवा देता येत नसेल, तर म्हणत, "मागावर आहे." एवढे म्हटले की मागणारा उठे. तो पुढे विचारत नसे, घरात डोकावत नसे, कारण मागावर चढलेली फणी उतरवा असे कोणी कोणाला म्हणू शकत नाही. ती खरोखर मागावर आहे की माळ्यावर, हे दोघांनाही ठाऊक असे आणि दोघेही उठताना एकमेकांच्या मुलाबाळांची विचारपूस करत. शालिकरामला त्यांनी 'मागावर आहे' म्हटले असते तर तो हसला असता आणि त्याला कळले असते की दादाची काही तरी अडचण आहे. पण ते तंत्रशाळेतल्या भाषेत बोलले. झाली नाही. काम अपुरे आहे. आणि त्याच्या समोर भिंतीवर काम पुरे होते. शालिकरामने ते पाहिले आणि डोळे खाली घेतले, म्हणजे शेवटी रीत त्यानेच पाळली.

त्यांनी ती फणी त्याला तशीच का दिली नाही, हा विचार त्यांच्या मनात आज, या क्षणी, जिल्हा कचेरीच्या कुंपणाशी, प्रथम आला. विकायची नव्हती तर द्यायची. भावाला दिलेली वस्तू ही विक्री नव्हे. कोणत्याही कायद्यात ती मर्यादेकडे मोजली गेली नसती. एका वाक्याचे काम होते. इतक्या महिन्यांत, रोज त्या भिंतीसमोर बसून, ते वाक्य त्यांना सुचले नव्हते, कारण ते विक्रीच्या आणि न-विक्रीच्या मध्ये कुठे तरी होते आणि आलेख-कागदावर त्याला जागा नव्हती.

आणि तरीही, तुमच्या एका फणीनं काय होणार होतं. हे वाक्य शालिकरामने त्यांना सोडवण्यासाठी म्हटले होते. ते स्वीकारले तर सगळे सुटत होते. शेठने सूत आधीच परत मागितले असेल, तर फणी दिली असती तरी माग निघालाच असता, खड्डा बुजलाच असता, टोपी डोक्यावर आलीच असती. बाबाराव निर्दोष ठरत होते. पण मग ते यंत्र, वसतिगृहातला तो आराखडा, चपट्या तारेच्या त्या हजारो पात्या, पराते मास्तरांची फणी धागा कापत नाही, हे सगळे काय होते? असून नसून ज्याने कोणाच्या मागाला फरक पडत नाही अशी वस्तू ते दोन वर्षे, नाही, चाळीस वर्षे, इतक्या काळजीने करत आले होते. उलट, सूत मागाहून परत गेले असेल, फणी न मिळाल्यामुळे दिवस गेले आणि शेठचा धीर सुटला असे घडले असेल, तर शालिकरामचा माग त्यांनी मोडला होता. परंतु मग त्यांच्या फणीवर एक माग उभा राहू शकत होता हेही खरे होते. आपल्याला यांपैकी दुसरे हवे आहे, हे त्यांना कुंपणालगतच्या एका झाडाखाली उभे असताना कळले. आपण दोषी असावे असे त्यांना वाटत होते. भावाच्या बुजलेल्या खड्ड्याच्या बदल्यात त्यांना स्वतःचा उपयोग सिद्ध व्हायला हवा होता. ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. झाडाला सावली फारशी नव्हती.

एप्रिलचा पहिला आठवडा उलटून दुसरा सरत आला होता आणि भिंतीवरच्या फण्यांपैकी एकही उतरली नव्हती. ऊन फार आहे, असे त्यांनी पुष्पलताबाईंना सांगितले होते. लग्नाचे दिवस आहेत. लोक गावाला गेले असतील. पुष्पलताबाई काहीच म्हणाल्या नव्हत्या, आणि बोलायला न कचरणाऱ्या बाईचे ते गप्प राहणे त्यांनी उन्हाच्याच खाती टाकले होते.

विक्रीकर कार्यालयात पंखे होते, पण ते गरम हवाच खाली ढकलत होते. ज्या कारकुनाकडे नोंदणीचे काम होते तो मध्यम वयाचा, गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळलेला गृहस्थ होता. त्याने अर्ज हातात घेतला आणि चष्मा वर केला.

"अक्षर मोठं छान आहे, काका. मास्तर होते का?"

"हो."

"दिसते. आमच्याकडं असं कोणी भरत नाही. हे दोन रकाने काहून सोडले?"

"धंदा सुरू झाल्याची तारीख कोणती धरायची ते विचारायचं होतं," बाबाराव म्हणाले. "आणि येत्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज."

"तारीख तुमची तुमाले माहीत. अंदाज म्हंजे अंदाज. लिहून टाका काही."

"काही कसं लिहायचं?"

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या पाहण्यात थोडी गंमत होती, थोडी करमणूक. "गेल्या वर्षी किती झाली?"

"मर्यादेच्या अलीकडे."

"किती अलीकडे?"

"अगदी जवळ."

"मग तर यंदा पलीकडं जानारच. तेवढंच लिहा. ज्याचं वाढून राहिलं तोच नंबर घ्यायले येतो, काका. ज्याचं बसलं तो कायले इथं येतो?"

बाबारावांनी पेनचे टोपण काढले. रकान्यात आकडा लिहिण्यासाठी त्यांनी सवयीप्रमाणे आधी मोजायला सुरुवात केली; पण आकड्यांऐवजी त्यांच्यासमोर घरे येऊ लागली. तांडापेठेच्या गल्लीतले पहिले घर, तिथला मुलगा रेल्वेत लागला. दुसरे घर, तिथला माग गेल्या पावसाळ्यात विकला. कोपऱ्यावरच्या रंभाबाई, नवरा गेल्यावर फक्त सुताच्या कांड्या भरून देतात, त्याही आता कोणाला द्यायच्या. शालिकराम. त्याच्या पलीकडचे घर. चिठ्ठ्या बांधलेल्या एकेका फणीच्या मागे ते एकेका दाराशी गेले आणि प्रत्येक दाराशी त्यांना कोणी तरी खड्ड्यावर खाट टाकून निजलेले दिसले. एप्रिलात या, असे त्यांनी त्या चिठ्ठ्यांवरच्या सगळ्यांना सांगितले होते आणि ती माणसे एप्रिलात येण्यासारखी उरली नव्हती. की त्यांना तसे सांगितले म्हणून उरली नव्हती, हे आता कोणालाच आठवणार नव्हते.

"नोंदणी झाली आणि विक्री झालीच नाही," त्यांनी विचारले, "तर विवरणपत्र?"

"तरी द्यावं लागते. शून्य लिहाचं अन् सही कराची. शून्याले तारीख चुकवली तरी दंड लागते." तो हसला. "बंद करायचा झाला तर त्याचा अर्ज अलग. पन अजून घेतलाच नाही, आतापासून बंदचं काय काढून राहिले."

शून्य लिहून सही करायची. या वाक्याने बाबारावांना विचित्र दिलासा वाटला. कोणी आले नाही तरी ठरलेल्या मुदतीने कोणी तरी त्यांच्या कागदाची वाट पाहणार होते, तो आला नाही तर विचारणा करणार होते. अर्ज परत घ्यावा, पिशवीत टाकावा आणि निघून जावे, हे अजूनही शक्य होते. कायदा त्यांना अडवत नव्हता. मर्यादेच्या अलीकडे असलेल्या माणसाला नोंदणी न करण्याची मोकळीक होती आणि यंदा ते अलीकडे, फार अलीकडे, राहणार होते. यासाठीच तर त्यांनी ते तीन महिने लोकांना परत पाठवले होते. मोकळीक त्यांनी मिळवली होती. आता तिचे काही करायचे नव्हते. त्यांनी गेल्या वर्षीच्या आकड्याहून थोडा मोठा आकडा रकान्यात लिहिला, धंदा सुरू झाल्याची तारीख लिहिली आणि पूर्ण नावाने सही केली. खोटे असे त्यांनी कागदावर प्रथमच काही लिहिले होते, आणि अक्षर नेहमीइतकेच चांगले आले.

"इन्स्पेक्टर साहेब जागा पाहायले येतीन," कारकून शिक्का मारता मारता म्हणाला. "उद्या-परवात. धंदा चालू दिसला पाहिजे. बंद दिसला तर अर्ज फिरते."

घरी ते दुसऱ्या रस्त्याने गेले. पुष्पलताबाईंना त्यांनी सांगितले की अर्ज दिला. शालिकराम भेटल्याचेही सांगितले, नमस्कारही पोचवला. खाट कुठे टाकली आहे ते सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "जनाबाई सांगून गेली होती मले. शिमग्यालेच." आणि त्यांच्यासमोर ताट ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत बाबाराव यंत्रावर बसले. डांबराचे भांडे त्यांनी स्टोव्हवर ठेवून पातळ केले, तारेचे वेटोळे चढवले, काड्या पकडीत बसवल्या. नंबर लावण्याची खूण कुठे फिरवायची यापाशी त्यांचा हात थांबला, कारण कोणाचीच मागणी नव्हती. मग यंत्रावर जो नंबर आधीपासून लागलेला होता तोच त्यांनी राहू दिला. पाय चालू लागला. पात्या एकामागून एक बसत गेल्या आणि प्रत्येकीभोवती दोऱ्याचा वेढा पडत गेला. पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या आणि दारात थबकल्या.

"आर्डर आली का कोणाची?"

"इन्स्पेक्टर यायचा आहे," ते म्हणाले. "धंदा चालू दिसला पाहिजे."

पुष्पलताबाईंनी चहाचा कप खिडकीत ठेवला. मग त्या खाली बसल्या आणि जिथे दोरा भांड्यातून निघून वर जाताना अडकत असे तिथे त्यांनी तो दोन बोटांत धरला. त्यांच्या माहेरीही माग होता. असे बसायला त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

इन्स्पेक्टर उन्हे तापल्यावर आला. तरुण होता, स्कूटर झाडाखाली लावून घाम पुसत आत आला, आणि बाबाराव उठू लागताच म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, काम थांबवू नका." तो भिंतीपाशी गेला. खुंट्यांना ओळीने लागलेल्या फण्या आणि त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या त्याने मान वर करून पाहिल्या. "एवढा माल बुक आहे?" त्याने विचारले.

"आहे," बाबाराव म्हणाले.

"नाव वाचलं, पराते फणी वर्क्स, वाटलं नव्हतं एवढं असेल. चांगलं आहे. नंबर आठवड्यात मिळेल." त्याने वहीत काही लिहिले, पुष्पलताबाईंनी दिलेले पाणी प्यायला आणि गेला. स्कूटरचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि मग ऐकू येईनासा झाला.

बाबारावांचा पाय चालूच होता.

"गेला तो," पुष्पलताबाई म्हणाल्या. "आता काहून चालवून राहिले?"

अर्धी बांधलेली फणी मध्येच सोडता येत नाही, डांबर आळून जाते आणि मग पात्या सरळ बसत नाहीत, असे त्यांनी सांगितले. ते खरे होते. पुष्पलताबाईंनी बोटांतला दोरा सोडला नाही.